वैयक्तिक गणवेश

वैयक्तिक गणवेश म्हणजे एखाद्या व्यक्तीने कोणत्याही संस्थेच्या, नोकरीच्या किंवा धार्मिक नियमाच्या सक्तीवाचून स्वतः निवडलेला आणि रोज किंवा जवळजवळ रोज वापरलेला एकाच प्रकारचा पोशाख होय. यात एकच कपडा रोज घातला जातो असे नाही. बहुधा एकाच नमुन्याचे अनेक सदरे, विजारी, साड्या किंवा झगे आलटून पालटून वापरले जातात. याच्या उलट, प्रसंग, ऋतू, मनःस्थिती आणि प्रचलित फॅशन यांनुसार बदलता येईल असा विविध कपड्यांचा संग्रह बाळगणे ही अधिक रूढ पद्धत आहे. वैयक्तिक गणवेशाच्या बाजूने वेळेची व पैशाची बचत, निर्णयांचा कमी होणारा भार, साधेपणा आणि पर्यावरणरक्षण ही कारणे दिली जातात. यांपैकी निर्णयभाराचे कारण सर्वांत लोकप्रिय असले, तरी त्यामागील मानसशास्त्रीय पुरावा वादग्रस्त आहे.

संज्ञा

'गणवेश' हा शब्द 'गण' म्हणजे समूह आणि 'वेश' यांपासून बनला आहे. शाळा, पोलीस दल, सैन्य, रुग्णालय अशा ठिकाणी गणवेश व्यक्तीला समूहात सामावून घेतो. अनेकांना एकसारखे दाखवणे हे त्याचे कार्य असते. वैयक्तिक गणवेशात ही एकरूपता माणसामाणसांत नसून एकाच माणसाच्या दिवसादिवसांत असते. त्यामुळे त्याचा सामाजिक परिणाम बहुधा उलटा होतो. शाळेचा गणवेश विद्यार्थ्याला इतरांसारखा करतो, तर वैयक्तिक गणवेश त्या व्यक्तीला गर्दीत ओळखू येण्यासारखी खूण देतो. या अर्थाने 'वैयक्तिक गणवेश' ही संज्ञा काहीशी विरोधाभासात्मक आहे.

याच्याशी मिळतीजुळती परंतु वेगळी संकल्पना म्हणजे मर्यादित वस्त्रसंच, ज्याला इंग्रजीवरून 'कॅप्सूल वॉर्डरोब' असेही म्हणतात. त्यात एकमेकांशी जुळणारे थोडेच कपडे ठेवून त्यांच्या निरनिराळ्या जुळण्या केल्या जातात. म्हणजे तेथे कपड्यांची संख्या मर्यादित असते, पण रोजचा वेश बदलू शकतो.

पार्श्वभूमी आणि इतिहास

कपड्यांतील वैविध्य ही दीर्घकाळ संपत्तीची खूण होती. हाताने सूत कातून व विणून कापड तयार होत असे, तेव्हा बहुसंख्य लोकांजवळ मोजकेच कपडे असत आणि रोज तेच कपडे घालणे ही निवड नसून परिस्थिती होती. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द थिअरी ऑफ द लेझर क्लास' या ग्रंथात पोशाखाला संपत्तीच्या प्रदर्शनाचे एक प्रमुख साधन मानले. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी फॅशनविषयीच्या आपल्या निबंधात, इतरांसारखे असावे आणि इतरांहून वेगळे दिसावे या दोन परस्परविरोधी ओढींतून फॅशन निर्माण होते, अशी मांडणी केली.

पुरुषांच्या पाश्चात्त्य पोशाखात अठराव्या शतकाच्या अखेरीस मोठा बदल झाला. रंगीबेरंगी रेशमी कपडे, लेस आणि भरतकाम मागे पडून गडद रंगाचा, साध्या शिलाईचा कोट प्रतिष्ठित मानला जाऊ लागला. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जे. सी. फ्ल्यूगेल यांनी १९३० मध्ये या बदलाला पुरुषांचा 'महान त्याग' असे नाव दिले. या बदलामुळे पुरुषांना रोज जवळजवळ सारखाच पोशाख करणे सामाजिकदृष्ट्या सोपे झाले. स्त्रियांच्या बाबतीत मात्र वैविध्याची अपेक्षा कायम राहिली. वैयक्तिक गणवेशाच्या चर्चेत हा फरक आजही महत्त्वाचा ठरतो.

डिसेंबर १९०६ मध्ये अमेरिकन लेखक मार्क ट्वेन हे प्रताधिकार कायद्यासंबंधी साक्ष देण्यासाठी वॉशिंग्टन येथे भर हिवाळ्यात पांढरा सूट घालून गेले. त्यानंतर पांढरा सूट ही त्यांची ओळख झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेखक टॉम वुल्फ यांनीही पांढऱ्या सुटाची निवड केली. फॅशन रचनाकार कार्ल लागरफेल्ड यांनी इतरांसाठी दर हंगामात नवे कपडे रचले. स्वतः मात्र उत्तरायुष्यात काळा सूट, उंच पांढरी कॉलर आणि काळा चष्मा हाच वेश ठेवला.

अमेरिकन कलावंत अँड्रिया झिटेल यांनी १९९१ पासून सहा महिन्यांसाठी एकच पोशाख तयार करून तो रोज वापरण्याचा उपक्रम केला. त्या वेळी त्या एका कलादालनात नोकरी करत होत्या. तेथे नीटनेटके दिसणे आवश्यक होते, परंतु पुष्कळ कपडे घेण्याइतके पैसे नव्हते. एका मर्यादेतून वरवर दिसते त्यापेक्षा अधिक स्वातंत्र्य मिळू शकते का, हा त्यांच्या कामाचा विषय झाला.

भारतातील उदाहरणे

भारतात वैयक्तिक पोशाखाच्या निवडीला राजकीय व नैतिक अर्थ प्राप्त झाल्याचे सर्वांत ठळक उदाहरण महात्मा गांधी यांचे आहे. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराई येथे त्यांनी सदरा व टोपी सोडून केवळ पंचा नेसण्यास प्रारंभ केला. आरंभी हा निश्चय त्यांनी किमान ३१ ऑक्टोबरपर्यंतचा म्हणून जाहीर केला होता. प्रत्यक्षात तो आयुष्यभर टिकला. परदेशी कापड टाकून दिल्यावर पुरेशी खादी विकत घेणे गरिबांना परवडत नाही, ही अडचण त्यामागे होती. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले असता ते बकिंगहॅम राजवाड्यात राजे पंचम जॉर्ज यांच्या भेटीलाही याच वेशात गेले.

महाराष्ट्रात संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांच्या अंगावरील चिंध्यांचे वस्त्र, हातातील खराटा आणि मातीचे गाडगे हा त्यांचा कायमचा वेश होता. गाडग्यावरूनच त्यांना लोकांनी नाव दिले. ते स्वतः गाव झाडत आणि मग कीर्तनातून स्वच्छतेचा व शिक्षणाचा उपदेश करत. त्यामुळे वेश आणि कार्य यांत अंतर उरले नव्हते.

मदर तेरेसा यांनी १९४८ मध्ये निळ्या काठांची पांढरी सुती साडी स्वीकारली. पुढे ती त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेतील सर्व भगिनींचा वेश झाली. एका व्यक्तीची निवड संस्थेच्या गणवेशात कशी रूपांतरित होते, याचे हे उदाहरण आहे.

निवड आणि सक्ती

रोज एकच वेश घालणे हे स्वतःच साधेपणाचे किंवा स्वातंत्र्याचे लक्षण ठरत नाही. तो वेश कोणी ठरवला, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातील ब्राह्मण कुटुंबांतील अनेक विधवांना केशवपन करून आयुष्यभर आलवण नेसावे लागे. बाह्यतः पाहता तोही रोजचा, एकरंगी, दागिन्यांविना असलेला वेश होता. परंतु त्यात निवडीला जागा नव्हती आणि त्याचा हेतूच त्या स्त्रीला कौटुंबिक आनंदापासून वेगळे दाखवण्याचा होता.

जातिव्यवस्थेनेही पोशाखावर बंधने घातली होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथील सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांसमोर केलेल्या भाषणात, जिच्यामुळे अस्पृश्यता ओळखू येते अशी लुगडे नेसण्याची पद्धत आणि दागिन्यांची चाल सोडून देण्याचे आवाहन केले. कोट, टाय अशा पाश्चात्त्य पोशाखातील आंबेडकर आणि पंचा नेसलेले गांधी यांची तुलना अभ्यासक अनेकदा करतात. ज्याला चांगले कपडे घालण्याची मुभा जन्मतः होती, त्याने त्यांचा त्याग केला तर तो त्याग ठरतो. ज्या समाजाला ती मुभाच नाकारली गेली होती, त्याच्यासाठी नीटनेटका व पूर्ण पोशाख हाच प्रतिष्ठेचा दावा होता. म्हणून कमी कपड्यांचा पुरस्कार सर्व सामाजिक स्तरांना एकाच अर्थाने लागू होत नाही, असे या तुलनेतून दिसते.

आधुनिक प्रसार

एकविसाव्या शतकात ही संकल्पना तंत्रज्ञान व्यवसायातील व्यक्तींमुळे लोकप्रिय झाली. ॲपल कंपनीचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स यांचा काळा, बंद गळ्याचा विणलेला शर्ट, निळी जीन्स आणि खेळाचे बूट हा वेश जगभर परिचित आहे. वॉल्टर आयझॅक्सन यांनी लिहिलेल्या जॉब्स यांच्या चरित्रानुसार (२०११) या वेशाचे मूळ जपानमध्ये आहे. सोनी कंपनीच्या भेटीत जॉब्स यांनी तेथील कर्मचाऱ्यांचा गणवेश पाहिला. युद्धोत्तर काळात कामगारांकडे पुरेसे कपडे नसल्याने कंपन्यांनी ते पुरवण्यास सुरुवात केली, असे त्यांना सांगण्यात आले. सोनीचा गणवेश रचनाकार इस्सी मियाके यांनी तयार केला होता. जॉब्स यांनी ॲपलसाठी तसाच गणवेश सुचवला, परंतु कर्मचाऱ्यांनी तो साफ नाकारला. त्यानंतर त्यांनी मियाके यांच्याकडून स्वतःसाठीच काळे शर्ट मोठ्या संख्येने करून घेतले. सामूहिक गणवेशाचा प्रस्ताव फसल्यावर वैयक्तिक गणवेश उरला, असा हा क्रम आहे.

अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी २०१२ मध्ये 'व्हॅनिटी फेअर' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेखात, आपण केवळ राखाडी किंवा निळे सूट घालतो आणि त्यामुळे लहानसहान निर्णय टाळता येतात, असे सांगितले. फेसबुकचे मार्क झुकरबर्ग यांनी २०१४ मध्ये आपल्या राखाडी टी-शर्टविषयी तेच कारण दिले. पुढील काळात मात्र झुकरबर्ग यांनी हा वेश सोडून सैल टी-शर्ट आणि गळ्यातील साखळ्या असा निराळा पोशाख स्वीकारला.

२८ ऑगस्ट २०१४ रोजी ओबामा यांनी एका पत्रकार परिषदेत फिकट तपकिरी सूट घातला, तेव्हा त्याच्या रंगावर अमेरिकी माध्यमांत भरपूर चर्चा झाली. एकदा ठरावीक वेश लोकांच्या परिचयाचा झाला की त्यातील किरकोळ बदलही बातमी ठरतो, हे या प्रसंगातून दिसते.

मर्यादित वस्त्रसंचाची कल्पना लंडनमधील वस्त्रविक्रेत्या सूझी फॉ यांनी १९७० च्या दशकात मांडली. अमेरिकन रचनाकार डोना करन यांच्या १९८५ मधील सात कपड्यांच्या संग्रहामुळे तिला प्रसिद्धी मिळाली. २०१० मध्ये कोर्टनी कार्व्हर यांनी कपडे, पादत्राणे व दागिने धरून ३३ वस्तूंवर तीन महिने भागवण्याचा 'प्रोजेक्ट ३३३' हा उपक्रम सुरू केला.

युनिफॉर्म प्रोजेक्ट

मे २००९ मध्ये न्यूयॉर्क येथे शीना मथाइकेन यांनी 'युनिफॉर्म प्रोजेक्ट' सुरू केला. एकाच नमुन्याचा काळा झगा ३६५ दिवस घालायचा, असा त्याचा नियम होता. आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात एकसारखे झगे शिवून घेण्यात आले. रोजचा वेश वेगळा दिसावा म्हणून जुन्या, हाताने बनवलेल्या किंवा देणगीदाखल मिळालेल्या वस्तू वापरल्या गेल्या. मथाइकेन यांचे बालपण केरळमध्ये गेले. भारतीय शाळेतील गणवेशाला विद्यार्थी बारीकसारीक क्लृप्त्यांनी स्वतःचे रूप कसे देतात, ही आठवण त्यांच्या कल्पनेमागे होती. उपक्रमातून जमा झालेला निधी, मुंबई व पुण्यातील वंचित मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या आकांक्षा फाउंडेशन या संस्थेला देण्यात आला. कपड्यांची संख्या कमी ठेवूनही वैविध्य राखता येते, हे या उपक्रमाने दाखवले.

मानसशास्त्रीय संशोधन

निर्णयथकवा

वैयक्तिक गणवेशाचे समर्थन बहुधा 'निर्णयथकवा' या कल्पनेवर आधारलेले असते. दिवसभरात घ्याव्या लागणाऱ्या प्रत्येक निर्णयामुळे एक मर्यादित मानसिक शक्ती खर्च होते आणि नंतरचे निर्णय बिघडतात, असे ही कल्पना सांगते. तिचे मूळ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांच्या १९९८ मधील संशोधनात आहे. एका कामात आत्मसंयम वापरला असता दुसऱ्या कामासाठी तो कमी पडतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. मात्र २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक सहभागींवर याच परिणामाची पडताळणी केली, तेव्हा तो शून्याच्या जवळपास आढळला.

इस्रायलमधील कैद्यांच्या सुटकेच्या अर्जांविषयीचा २०११ चा अभ्यासही वारंवार उद्धृत केला जातो. विश्रांतीनंतर अर्ज मान्य होण्याचे प्रमाण सुमारे ६५ टक्के असते आणि पुढील विश्रांतीपर्यंत ते जवळजवळ शून्यावर येते, असे त्यात दिसले. परंतु प्रकरणांचा क्रम यादृच्छिक नव्हता. वकील नसलेल्या कैद्यांची प्रकरणे बहुधा सत्राच्या शेवटी घेतली जात, असा आक्षेप त्याच वर्षी नोंदवला गेला.

पर्यायांच्या संख्येविषयीही अशीच स्थिती आहे. शीना आयंगार आणि मार्क लेपर यांच्या २००० मधील प्रसिद्ध प्रयोगात २४ प्रकारचे जॅम मांडले असता फारच थोड्या ग्राहकांनी खरेदी केली, तर सहाच प्रकार मांडले असता खरेदीचे प्रमाण बरेच वाढले. २०१० मध्ये अशा अनेक प्रयोगांचे एकत्र विश्लेषण केल्यावर सरासरी परिणाम नगण्य निघाला. नंतरच्या विश्लेषणांनुसार, आपल्याला काय हवे हे आधी ठाऊक नसेल किंवा पर्यायांची तुलना अवघड असेल, तेव्हा अधिक पर्याय त्रासदायक ठरतात. त्यामुळे रोज सकाळी कपाटापुढे गोंधळ होणाऱ्या व्यक्तीला ठरावीक वेशाचा उपयोग होऊ शकतो. ज्याला कपडे निवडण्यात आनंद वाटतो, त्याच्याबाबत तसा लाभ गृहीत धरता येत नाही.

इतरांचे लक्ष

रोज तोच वेश घातल्यास लोक काय म्हणतील, ही धास्ती अनेकांना वाटते. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना संकोच वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले. खोलीतील जवळजवळ निम्म्या लोकांच्या ते चित्र लक्षात आले असेल, असा अंदाज त्या विद्यार्थ्यांनी बांधला. प्रत्यक्षात ते सुमारे एक चतुर्थांश लोकांनाच सांगता आले. आपल्या दिसण्याकडे इतरांचे किती लक्ष आहे, याचा अंदाज माणूस वाढवून करतो, असा याचा अर्थ लावला जातो.

पोशाखाचा परिधान करणाऱ्यावरील परिणाम

पांढरा प्रयोगशाळेचा कोट घातल्याने एकाग्रता वाढते, असे हायो ॲडम आणि ॲडम गॅलिन्स्की यांनी २०१२ मध्ये मांडले. २०१९ मध्ये त्यांच्या पहिल्या प्रयोगाची पुनरावृत्ती केली असता तो परिणाम आढळला नाही. म्हणून ठरावीक वेशामुळे कार्यक्षमता वाढते, या दाव्याबाबतही सावधगिरी आवश्यक आहे.

लिंगभाव

ऑस्ट्रेलियातील दूरचित्रवाणी निवेदक कार्ल स्टेफानोविक यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये, आपण सुमारे वर्षभर एकच निळा सूट घालून कार्यक्रम सादर केल्याचे उघड केले. या काळात प्रेक्षकांपैकी कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते. त्यांच्या सहनिवेदिका लिसा विल्किन्सन यांच्या कपड्यांवर मात्र प्रेक्षक नियमितपणे टीका करत. हा दुजाभाव दाखवणे हाच या प्रयोगाचा हेतू होता.

न्यूयॉर्कमधील एका जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक असलेल्या माटिल्डा काल यांनी २०१५ मध्ये 'हार्पर्स बझार'मधील लेखात, आपण तीन वर्षे रोज पांढरा रेशमी शर्ट आणि काळी विजार घालून कामाला जात असल्याचे लिहिले. महत्त्वाच्या बैठकीच्या दिवशी काय घालावे या विवंचनेत झालेला उशीर हे त्याचे तात्कालिक कारण होते. सूट घालणाऱ्या पुरुष सहकाऱ्यांना असे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. जर्मनीच्या माजी चॅन्सेलर अँजेला मर्केल यांनी मधला मार्ग काढला होता. त्यांच्या जाकिटाचा नमुना कायम जवळपास सारखाच असे, फक्त रंग बदलत.

व्यावहारिक बाजू

आवश्यक संचांची संख्या धुण्याच्या वारंवारितेवर ठरते. आठवड्यातून एकदा कपडे धुतले जात असतील, तर सात संच आणि एक-दोन राखीव लागतात. रोज धुणाऱ्याला तीन-चार पुरतात. पावसाळ्यात कपडे वाळण्यास वेळ लागणाऱ्या प्रदेशात ही संख्या वाढते. एकाच रंगाचे कपडे एकत्र धुता येतात आणि खरेदीच्या वेळी माप व कापड पुन्हा ठरवावे लागत नाही. दुसरीकडे, निवडलेला नमुना कंपनीने बंद केल्यास सगळी घडी विस्कटते. त्यामुळे काही जण शिंप्याकडून तोच नमुना शिवून घेतात.

बचतीविषयी एक गैरसमज आढळतो. वर्षात कामाचे २६० दिवस धरल्यास पाच सदरे वापरणाऱ्याचा प्रत्येक सदरा ५२ वेळा घातला जातो, तर वीस सदरे असणाऱ्याचा १३ वेळा. मात्र एकूण वापर दोघांचाही २६० दिवसांचाच असतो. पाच सदरे लवकर झिजतात, वीस अधिक काळ टिकतात. खरी बचत विकत घेऊनही न वापरलेले किंवा फॅशन गेली म्हणून टाकून दिलेले कपडे कमी झाल्याने होते. म्हणजे प्रत्येक कपडा झिजेपर्यंत वापरणारी व्यक्ती वैविध्य राखूनही तितकीच काटकसर करू शकते.

पर्यावरणाच्या दृष्टीने हाच मुद्दा महत्त्वाचा आहे. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ मधील अहवालानुसार त्याआधीच्या पंधरा वर्षांत जगातील कपड्यांचे उत्पादन जवळजवळ दुप्पट झाले, तर एक कपडा टाकून देण्यापूर्वी सरासरी किती वेळा घातला जातो हे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले.

टीका

वैयक्तिक गणवेशावर पुढील आक्षेप घेतले जातात:

• साधेपणाचा हा वेश अनेकदा महाग असतो. नामांकित रचनाकाराकडून करून घेतलेला साधा टी-शर्ट हा साधेपणापेक्षा प्रतिष्ठेचेच चिन्ह ठरतो.

• यशस्वी व्यक्तींच्या सवयींची उदाहरणे देताना, तोच वेश करूनही यशस्वी न झालेले लोक विचारात घेतले जात नाहीत. त्यामुळे वेश आणि यश यांत कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही.

• रोज तेच कपडे घालणे श्रीमंताच्या बाबतीत तत्त्वनिष्ठा आणि गरिबाच्या बाबतीत दारिद्र्य समजले जाते.

• सण, लग्न, शोक अशा प्रसंगी पोशाखातील बदल इतरांविषयीचा आदर व्यक्त करतो. भारतीय समाजात हा संकेत दृढ असल्याने ठरावीक वेश पाळणारे बहुतेक जण अशा प्रसंगांना अपवाद मानतात.

• हातमाग, भरतकाम, छपाई यांसारख्या वस्त्रकला कपड्यांतील वैविध्यावर जगतात. पैठणी किंवा इरकल साडी वर्षातून मोजक्या वेळा नेसली जात असली, तरी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते. तिला अनावश्यक कपडा म्हणता येत नाही.

हेही पहा

• गणवेश
• खादी
• फॅशन
• साधी राहणी
• संत गाडगेबाबा
• महाड सत्याग्रह